समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा सत्याग्रही : लोकनायक बापूजी आणे

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत काय काय झाले, बोअर कधी मारली, रस्ते कधी झाले, पहिले वर्गणीदार कोण, हे इतर मंडळी लिहिणारच आहेत. म्हणून मी आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाविषयी लिहायचे ठरवले. सोसायटीतल्या काही मुली लोकनायक बापूजी आणे महिला महाविद्यालयात शिकल्या, काही आजही शिकताहेत. त्यांतल्या दोघी-तिघींना मी सहज विचारले, बाई, हे आणे कोण होते? एक म्हणाली स्वातंत्र्यसैनिक, दुसरी म्हणाली कुठलेसे राज्यपाल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण मधला भाग कुणालाच ठाऊक नव्हता, आणि खरी गोष्ट त्या मधल्या भागातच आहे.

माधव श्रीहरी आणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी आपल्या वणीला झाला. तेव्हा यवतमाळ जिल्हा हे नावच नव्हते. जिल्ह्याचे नाव होते वणी, इंग्रजांच्या कागदात ‘वून’. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीमकडचा पुसद तालुका आपल्याकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. आण्यांचे घराणे तेलंगी ब्राह्मणांचे. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती, आणि ती त्यांच्यात शेवटपर्यंत टिकली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते १९०२ साली पदवीधर झाले. काही वर्षे अमरावतीला शाळेत मास्तरकी केली, मग कायद्याची परीक्षा दिली आणि १९०८ साली यवतमाळात वकिलीची पाटी लावली.

१९०८ हे साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला नेले. आणे टिळकांचे भक्त. गुरू तुरुंगात आणि शिष्याची वकिली नवीकोरी, अशी त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात आहे. पुढे होमरूल चळवळीत ते वऱ्हाडातले प्रमुख कार्यकर्ते झाले. यवतमाळात त्यांनी १९१८-१९ च्या सुमारास ‘लोकमत’ नावाचे साप्ताहिक काढले. हे नाव टिळकांनी सुचवले असे सांगतात. आज सकाळी आपल्या दारात जो पेपर पडतो त्या नावाचे मूळ यवतमाळातले आहे, हे नव्या पिढीला सांगितले तर विश्वास बसत नाही. १९२१ पासून १९३० पर्यंत ते विदर्भ प्रांतिक काँग्रेस कमिटीचे अध्यक्ष होते.

आता थोडे कायद्याचे बोलतो, कारण त्याशिवाय पुढचे समजायचे नाही. मी आयुष्यभर बँकेत गहाणखते आणि भाडेपट्टे पाहिले, पण वऱ्हाडाच्या कागदांइतका विचित्र कागद पाहिला नाही. वऱ्हाड मुळात निजामाचे. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली इंग्रजांनी हा मुलूख वसुलीसाठी आपल्या ताब्यात घेतला. साध्या भाषेत, कर्जापोटी गहाण. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून त्याचा कायमचा पट्टा करून घेतला, सालीना २५ लाख रुपये भाड्याने. जमीन निजामाची, कब्जा इंग्रजांचा, आणि भाड्याची रक्कम निघायची ती इथल्याच शेतसाऱ्यातून. म्हणजे कुळाला न विचारता घर पोटभाड्याने दिले आणि भाडे मात्र कुळाकडूनच वसूल केले, असा हा प्रकार. १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, तरी कायद्याच्या नजरेत वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच.

याचा एक परिणाम फार गमतीचा होता. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडची एक जागा असे. वऱ्हाडचे मतदार निवडणूक करीत, कोणी निवडून येई. पण तो थेट निवडून आलेला सभासद मानला जात नसे. हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नाही, तेव्हा इथून निवडून कसा येणार? म्हणून लोकांनी निवडलेल्या माणसाला सरकार पुन्हा स्वतःच्या नावाने नेमत असे. बापूजी १९२४ साली या जागेवरून दिल्लीला गेले, तेव्हा त्यांच्या नावापुढे वऱ्हाडचे प्रतिनिधी असे लिहिले जाई आणि त्यांची गणना नेमलेल्या सभासदांत होई. लोकांनी पाठवलेला माणूस, शिक्का सरकारचा.

शाळेत आपण सगळ्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा वाचला आहे. इंग्रजांनी १७६५ साली तिथल्या वसाहतींवर स्टँपचा कर बसवला. ज्या पार्लमेंटात आमचा माणूस नाही त्या पार्लमेंटला आमच्यावर कर बसवण्याचा हक्क नाही, असे त्या लोकांचे म्हणणे होते. स्टँपचा कर वर्षभरात मागे घ्यावा लागला, पण चहावरचा राहिला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या, आणि पुढे १७७५ साली लढाईच सुरू झाली. त्यांची तक्रार अशी होती की आमचा माणूस तिथे नाही. आपल्याकडची तऱ्हा निराळी. आपला माणूस तिथे बसवलेला होता, पण त्याच्या नकाराला किंमत नव्हती.

हे मी हवेत बोलत नाही. १९२३ साली सरकारने मिठावरचा कर दुप्पट केला, मणाला सव्वा रुपयाचा अडीच रुपये. कायदेमंडळाने तो नामंजूर केला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो तरीही मंजूर करून टाकला. पुढच्या वर्षी कायदेमंडळाने अख्खे वित्त विधेयकच फेटाळले, तेही व्हाइसरॉयने आपल्या सहीने लागू केले. बापूजी नेमके याच वर्षी तिथे पोचले होते. कापसाच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला दुसरीही एक गोष्ट माहीत असणार. हिंदी गिरण्यांत विणलेल्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के जकात होती, का, तर मँचेस्टरच्या कापडाला इथे स्पर्धा जड जाऊ नये. ती ओरडून ओरडून शेवटी १९२५-२६ साली उठली. तीस वर्षे लागली.

आता कोणी म्हणेल, मग बापूजी लगेच गांधीजींच्या मागे गेले असतील. तसे नाही, आणि हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बापूजी गांधीपंथी कधीच नव्हते. कायदेमंडळावर बहिष्कार घालणे त्यांना पटत नसे. ते आधी स्वराज्य पक्षात होते. पुढे १९२६ साली न. चिं. केळकर, बॅरिस्टर जयकर, डॉ. मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात गेले. सरकार जेवढे देईल तेवढ्यापुरते सहकार्य, आणि नाही दिले तर विरोध, हे टिळकांचे धोरण त्यांनी धरून ठेवले. १९२८ साली मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भावी राज्यघटनेचा मसुदा करणारी समिती बसली, तिचे ते सभासद होते. अर्ज, ठराव, दुरुस्ती, भाषण, मसुदा असे सगळे सनदशीर मार्ग त्यांनी चालून पाहिले. वकील माणूस, कायदा मोडणे ही गोष्ट त्यांच्या रक्तात नव्हती. म्हणून १९३० साली त्यांनी जे केले त्याचे वजन निराळे आहे.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. देशभर उत्साह पसरला. पण आपल्या वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यात दहीहंड्याकडे खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत, तिथे वऱ्हाडच्या मंडळींनी पाणी आटवून मीठ केले आणि कायदा मोडला. पण एका ठिकाणच्या विहिरींवर साऱ्या वऱ्हाडाची चळवळ किती दिवस चालणार? यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा इकडच्या शेतकऱ्याला मिठाचा कर द्यावा लागत होता खरा, पण तो दुकानात मिठाच्या भावात मिसळून जायचा, डोळ्यांना दिसत नसे. शेतकऱ्याला रोज दिसणारा सरकारी हात होता जंगलखात्याचा.

आपला जिल्हा जंगलाचा. सागाचे डोंगर, मधून मधून गवताची रानं, गोंड, कोलाम, बंजारा अशी वस्ती, आणि गुरांवर चाललेला संसार. इंग्रजी अमदानीत १८८६ च्या सुमारास वऱ्हाडात जंगलाचा निराळा कायदा झाला आणि राखीव जंगलाचे वर्ग पडले. पहिला वर्ग लाकूडफाट्याचा, दुसरा चाऱ्याचा म्हणजे रमणे आणि कुरणे, तिसरा चराईचा. गावच्या गायरानाला आपण अजून ई-क्लास म्हणतो, तोही अशाच महसुली कागदातून आलेला शब्द. कागदावर हे शिस्तीचे दिसते. जंगल राखायला हवे, यातही वाद नाही. पण बापजाद्यांपासून जिथे ढोरे चरत होती, तिथे आता जनावरामागे फी भरून पास घ्यावा लागे. म्हशीला जास्त, गाईला कमी. शेळीला तर बऱ्याच ठिकाणी बंदीच. रमण्यातले गवत लिलावात जाई, ते घेणार ठेकेदार, आणि रमण्याच्या बांधावर राहणारा माणूस त्याच गवताचा भारा विकत घेणार. ढोर चुकून आत शिरले की कोंडवाडा, कोंडवाड्याचा दंड, आणि नाकेदाराची मर्जी सांभाळायची ती वेगळीच.

नोकरीत असताना काही वर्षे मी पुसद भागातल्या एका शाखेत होतो. कर्जाच्या अर्जावर आम्ही जमिनीचा आकडा आधी विचारायचो. म्हातारी माणसे मात्र आधी बैल सांगायची, मग गाई, मग जमीन. चाऱ्याशिवाय बैल नाही, बैलाशिवाय पेरणी नाही. गवताच्या भाऱ्यावर फी लावणे म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही.

बापूजींना ते कळले. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, आणि काँग्रेस कार्यकारिणीने मध्यप्रांतात जंगलाचे कायदे मोडायला मान्यता दिली. बापूजींचे दिल्लीतले सभासदत्व त्या वर्षी संपुष्टात आले होते. पन्नाशीला पोचलेला, दिल्लीच्या दरबारात वावरलेला, घटनेच्या मसुद्यावर काम केलेला हा वकील. सत्याग्रहासाठी त्याने मुद्दाम पुसद निवडले, आणि वस्तू निवडली गवत. लाकूड तोडले असते तर नुकसान झाले असते, आणि सरकारला हे लोक जंगल उजाड करताहेत म्हणायला फावले असते. गवत कापले तर ते पुन्हा उगवते. जुलै महिना, पाऊस पडून गेलेला, रानात कोवळे गवत. विचार करून केलेली ही निवड आहे, असे मला वाटते. मिठाची निवड गांधीजींनी जशी केली, तशीच ही.

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजी आणे यांनी परवान्याशिवाय गवत कापले. हातात विळा, पाठीशी स्वयंसेवक, आणि भोवती गावोगावहून आलेली माणसे. पोलिसांनी त्यांना अटक केली, खटला झाला आणि त्यांना तुरुंगात पाठवले. या सत्याग्रहींवर लावलेले कलम मोठे बोलके आहे. दंडसंहितेचे ३७९, म्हणजे चोरी! राजद्रोह वगैरे भारदस्त शब्द नाहीत, सरळ चोरी. मूठभर गवताची.

पुसदला जे पेटले ते पसरत गेले. अकराच दिवसांनी, २१ जुलैला, नागपूरहून आलेले डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात ठेवले. आज लोहारा म्हटले की आपल्याला एमआयडीसी आठवते. आपल्या सोसायटीतले निम्मे लोक तिकडे नोकरीला गेले असतील. त्या बाजूला एके काळी राखीव जंगल होते आणि तिथे गवत कापल्याबद्दल माणसे तुरुंगात गेली, हे येता-जाता आठवावे. जिल्ह्यात ठिकठिकाणी लोक विळे घेऊन निघाले. बाहेरही ही तऱ्हा पोचली. सातारा बाजूला बिळाशी, बागलाण, संगमनेर, आणि रायगडात चिरनेर. चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसे मेली. शिवनीकडे तुरियाला ऑक्टोबरात झालेल्या गोळीबारात आदिवासी बाया मारल्या गेल्या. बैतूलकडे गोंड आणि कोरकू उठले. मिठाच्या सत्याग्रहाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गवताच्या सत्याग्रहाला तेवढे फोटो लाभले नाहीत. समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला इतिहासातही थोडे कमीच येते.

आणि हिशेबातही कमीच आले. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला, सत्याग्रही सुटले. मीठ तयार होऊ शकते अशा भागातल्या गावकऱ्यांना आपल्या घरापुरते मीठ करायची सवलत त्या करारात मिळाली. गवताची, चराईची तशी काही सोय नव्हती. पुसदच्या शेतकऱ्याचा पास होता तिथेच राहिला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हप्ता भरला त्याने, पण खाते बंद झाले नाही. मात्र लोक नाकेदाराला पूर्वीसारखे भिईनासे झाले असणार, असे मला आपले वाटते. ज्याला एकदा वकीलसाहेबांनी भर दिवसा गवत कापून दाखवले, त्या माणसाची भीती थोडी तरी मोडतेच.

काँग्रेसमध्ये बापूजींचा मान आता वाढला. १९३१ पासून ते कार्यकारिणीत होते. १९३३ साली पुढारी एकामागून एक तुरुंगात असताना काँग्रेसचे प्रभारी अध्यक्षपद यवतमाळच्या या वकिलाकडे आले. मे महिन्यात गांधीजींनी हरिजनांच्या प्रश्नावर एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले तेव्हा कायदेभंगाची चळवळ सहा आठवडे थांबवण्याची घोषणा बापूजींच्या नावाने झाली. थांबवणे हे सुरू करण्यापेक्षा अवघड काम. लोक नाराज होतात. सोसायटीचे सचिवपद सांभाळलेल्यांना हे सांगायला नको.

पुढचा प्रवास मात्र सरळ नाही. चरित्र लिहिणारी मंडळी इथे घाईने पान उलटतात, आपण तसे करू नये. १९३४ साली जातीय निवाड्यावर काँग्रेसने मान्यही नाही आणि अमान्यही नाही अशी भूमिका घेतली. बापूजींना ती पटली नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांच्याबरोबर ते बाहेर पडले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९३५ ला पुन्हा मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. आणि १९४१ साली त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले. खाते परदेशस्थ हिंदी लोकांचे. म्हणजे ज्या सरकारने अकरा वर्षांपूर्वी त्यांना गवताच्या प्रकरणात तुरुंगात धाडले, त्याच सरकारात ते मंत्र्यासारखे जाऊन बसले.

यावर तेव्हा टीका झाली, आजही कोणी करील. माझे मत विचाराल तर, त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मिळेल तेवढी सत्ता हातात घ्यावी हे ते पहिल्यापासून म्हणत आले होते. त्यांनी कोलांटी मारली नाही. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा लाखो हिंदी माणसे पायी, जंगलातून, मरत-मरत परतली. त्यांचा प्रश्न याच खात्याकडे होता, आणि त्या खुर्चीत कोणी आपला माणूस असणे वाईट नव्हते. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये मात्र त्या खुर्चीत बसून राहणे अवघड झाले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला उठाव झाला. त्यानंतर फौजेने आणि पोलिसांनी गावावर, विशेषतः बायकांवर जे अत्याचार केले त्याच्या बातम्या बाहेर आल्या. चिमूर चांदा जिल्ह्यातले, वणीपासून काही फार लांब नाही. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले आणि नोव्हेंबरात बापूजींच्याच दारात उपोषणाला बसले. मागणी एकच, चिमूरची चौकशी करा. तुम्ही सरकारात आहात, तुम्ही आमच्या भागातले आहात, तुम्ही स्वतः जाऊन पाहा.

भन्साळींना दिल्लीतून परत पाठवले गेले. त्यांचे उपोषण एकूण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटले. त्या दिवसांत बापूजींच्या मनात काय चालले असेल ते कोणाला सांगता येणार नाही. पुसदच्या रानात सरकारचा हुकूम मोडणारा माणूस, आणि आता दारात उपाशी बसलेल्याला हो म्हणता येत नाही, कारण आपणच सरकार. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण काळ वाटतो, तुरुंगापेक्षाही. १० फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. तेव्हा बापूजी आणे, होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तिघांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. गांधीजींशी मतभेद कायम ठेवून, गांधीजींच्या जिवासाठी खुर्ची सोडली. उशिरा सोडली असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण सोडली.

त्याच वर्षी हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे होते. घटना समितीचे सभासद होते. जानेवारी १९४८ ते जून १९५२ बिहारचे राज्यपाल. निवृत्तीच्या वयात कोणी घरी बसला असता. हे १९५९ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, नागपूरच्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ साली पुन्हा अपक्ष म्हणून. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे, हे त्यांचे मत शेवटपर्यंत होते. या विषयावर आपल्या सोसायटीत दोन पक्ष आहेत, बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी त्यावर चर्चा होते, त्यात मी इथे भर घालत नाही. एवढेच सांगतो की पट्ट्याने दिलेल्या मुलखात ज्याने आयुष्य काढले, त्याला आमच्याविषयी निर्णय कोण घेतो हा प्रश्न कायम टोचत राहिला तर नवल नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. दिल्ली, तुरुंग, कोलंबो, पाटणा हे सगळे करताना घरातले संस्कृत त्यांनी सोडले नाही. लोकमान्य टिळकांच्या चरित्रावर त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले, हजारो श्लोकांचे. ज्या टिळकांना मंडालेला नेले त्या साली यवतमाळात वकिली सुरू केलेल्या माणसाने म्हातारपणी त्यांची सबंध कथा श्लोकांत बांधली. ती छापून पुरी झालेली पाहायला मात्र ते राहिले नाहीत. २६ जानेवारी १९६८ रोजी सरकारने त्यांना पद्मविभूषण जाहीर केले, आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. वय सत्त्याऐंशी. त्या महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली, त्यांच्या मागे पाच वर्षांनी.